पोटाला विसावा की पेज?

चेन्नईत वेस्ट मांबलमला आर्य गौडा रोडवरून आत वळलेल्या एका गल्लीत माझी आत्या राहते. पुण्याची मुलगी लग्न होऊन तंजावरी मराठी घरात आली, तेव्हापासून तिच्या फडताळात मेतकुटाशेजारी पोडीचा, म्हणजे तमिळ कोरड्या चटणीचा, डबा असतो. तिची सून, म्हणजे आमची वहिनी, मूळची कोल्हापूरची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकली आणि आता रोज मायक्रोस्कोपखाली पोटाआतड्यांचे तुकडे तपासते. मी तिथे असताना कॉलेजात जाणाऱ्या नातवाला बाहेरचं पाणी बाधलं. ताप, उलट्या, जुलाब. तिसऱ्या दिवशी जुलाब आटोक्यात आले, पोराला भूक लागली, आणि त्याच्या पानात काय वाढायचं यावरून सासूसुनेचं बोलणं सुरू झालं. ते घराघरातलं आहे, म्हणून जवळजवळ जसंच्या तसं देतो.

आत्या : तीन दिवस आतडी नुसती सोलवटून निघालीत त्याची. ओल्या जखमेवर घासत राहिलं तर ती भरते का? पोटाला विसावा द्यायचा. पेजेवरचं पाणी, चिमूटभर मीठ, बस्स. आतडं आपलं आपण भरून येतं.

वहिनी : आई, आपलं आपण भरून येतं हे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. पण ते उपाशी राहून भरत नाही. आणि किती झपाट्यानं भरतं, याची कल्पना फार थोड्यांना असते.

आत्या : किती? आठवडा?

वहिनी : वरवरची खरचट असेल तर काही तास. कामाला सुरुवात तर काही मिनिटांतच होते.

आत्या : काही तासांत नवं अस्तर?

वहिनी : नवं नाही, तीच तर गंमत आहे. आतड्याचं अस्तर एकाच पेशीच्या जाडीचं असतं. त्यातल्या काही पेशी गळाल्या की शेजारच्या पेशी आपला उंच आकार सोडतात, चपट्या होतात आणि उघड्या जागेवर सरकत जातात. लोकलच्या बाकावरचा एक जण मांबलमला उतरला की उरलेले ऐसपैस बसतात; बाक भरलेला दिसतो, पण नवीन कुणी आलेलं नसतं, तसं. एकही पेशी दुभंगलेली नसते, तरी भोक बुजतं. आम्ही याला रेस्टिट्यूशन म्हणतो. श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशी ट्रेफॉइल नावाची छोटी प्रथिनं सोडतात, ती या सरकण्याला मदत करतात. प्रोस्टाग्लँडिनं मदत करतात. फक्त अस्तराखालचा पातळ पडदा शाबूत हवा. तोच फाटला तर सरकायला जमीन उरत नाही, मग काम लांबतं.

आत्या : म्हणजे ही तात्पुरती झाकपाक झाली.

वहिनी : हो. जंतू आत शिरू नयेत, पाणी झिरपू नये, एवढ्यापुरती. खरी भरती मागाहून येते. थांबा, दाखवते.

तिनं फोनवर एक फोटो काढून दाखवला. शिकवण्यासाठी जपलेल्या जुन्या स्लाइडचा, नाव-गाव नसलेला. गुलाबी-जांभळं आतडं. वर बोटांसारखे अंकुर एकाशेजारी एक उभे, आणि त्यांच्या बुडाशी खोल रुतलेले अरुंद खळगे. डावीकडे सगळं सुरळीत होतं : अंकुर लांब, पेशी उंच, त्यांची केंद्रकं तळाशी एका ओळीत. उजवीकडे जखम होऊन गेली होती. तिथले अंकुर बुटके, पेशी बसक्या, केंद्रकं मोठी आणि गडद, श्लेष्म्याचे पांढुरके थेंब जवळजवळ नाहीसे झालेले. खळगे मात्र नेहमीपेक्षा लांब, आणि त्यांच्यात जागोजाग दोन होऊ घातलेल्या पेशी. वहिनी म्हणाली, नवशिका पॅथॉलॉजिस्ट ही उजवी बाजू पाहून दचकतो, कर्करोगाची सुरुवात तर नाही ना म्हणून. असते ती निव्वळ दुरुस्ती.

या खळग्यांचं वर्णन जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान लिबरक्यून यांनी 1745 साली केलं, आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखले जातात. पण तळाशी नेमकी कोणती पेशी सगळ्या अस्तराला जन्म देते, हे पक्कं कळायला 2007 साल उजाडलं. नेदरलँडमधल्या उट्रेख्टला हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर यांनी उंदरांमध्ये ती पेशी ओळखून दाखवली. दोन वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत तोशिरो सातो यांनी अशी एकच मूलपेशी काचेच्या ताटलीत वाढवली आणि तिच्यातून खळगे-अंकुरांसकट एक चिमुकलं आतडं उभं राहिलं. आपल्या पोटात हे अखंड चालू असतं. तळाशी पेशी जन्मते, वर सरकत जाते, अंकुराच्या टोकाला पोचून गळून पडते. लहान आतड्याचं अस्तर असं तीन ते पाच दिवसांत नवं होतं. जखम झाली की हाच वेग वाढतो.

आत्या : आणि तळाची पेशीच मेली तर? रेडिएशननं मरते म्हणतात.

वहिनी : मरते. 2011 साली उंदरांमध्ये या पेशी मुद्दाम मारूनही पाहिल्या. अस्तर तरी टिकून राहिलं. वर निघालेल्या, अर्धवट घडलेल्या पेशी मागे फिरतात आणि पुन्हा मूलपेशी होतात. अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये पोटावर रेडिएशन घेणाऱ्यांना मध्येच जुलाब लागतात, आणि उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांचे थांबतात, त्यामागे हीच ताकद असते.

शरीराच्या या गुणावर मी रात्री बराच वेळ विचार करत होतो. आपण पोट म्हणजे केवळ कोठी समजतो. त्या कोठीच्या भिंतीतली पेशी ठरलेल्या वाटेनं बरीच पुढे गेलेली असताना गरज पडली म्हणून परतते, आणि पुन्हा सुरुवातीपासून कामाला लागते, हे माणसाला ठाऊक असायला हवं. शाळेच्या पुस्तकात आतड्याची लांबी असते, हे नसतं.

आत्या अर्थात इतक्यानं ऐकणारी नव्हती.

आत्या : एवढं सामर्थ्य आहे ना त्याच्यात? मग राहू दे की त्याला एकटं. मला लहानपणी विषमज्वर झाला होता. एकवीस दिवस मोसंबीचा रस आणि पाणी. अन्नाचा कण गेला तर आतडं फुटेल, असं डॉक्टर बजावून गेले होते. मी वाचले ना?

वहिनी : त्यांची भीती खोटी नव्हती. टायफॉइडचे जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या गाठींत घर करतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तिथे व्रण पडतात आणि कधी कधी आतड्याला खरंच भोक पडतं. पण उपाशी ठेवल्यानं ते टळत नाही. रोगी खंगत जातो, एवढंच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलात वॉरन कोलमन यांनी टायफॉइडच्या रोग्यांना भरपूर उष्मांकाचा आहार द्यायला सुरुवात केली आणि ते कमी खंगू लागले. त्याच्याही आधी डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज तापकऱ्यांना जेवू घाला म्हणून सांगत होते. तुम्ही वाचलात, कारण टायफॉइडचा व्रण बहुधा मागे आकसलेला वण न ठेवता भरून येतो. आतड्याच्या क्षयाचं तसं नाही. तो व्रण आतड्याभोवती आडवा फिरतो, खोल जातो, आणि भरताना तिथे तंतू धरून नळी अरुंद होते. जखम किती खोल आहे, यावर सगळं ठरतं.

आत्या : बरं, पण अन्न दिल्यानं अस्तर भरतं हे कशावरून?

वहिनी : ज्यांना महिनोन् महिने फक्त शिरेतून पोषण द्यावं लागतं, त्यांच्याकडे पाहा. रक्तात साखर, प्रथिनं, सगळं पोचत असतं, तरी आतड्यातून काहीच जात नाही म्हणून अंकुर खुजे होतात. हे अस्तर पसरून मोजलं तर घशापासून गुदापर्यंत सुमारे 32 चौरस मीटर भरतं, म्हणजे साडेतीनशे चौरस फूट. दर काही दिवसांनी नवं होणाऱ्या एवढ्या पसाऱ्याला माल लागतो, आणि त्यातला बराच माल ते समोरून जाणाऱ्या अन्नातूनच उचलतं. मोठ्या आतड्याचं तर याहून वेगळं. तिथल्या पेशींचं मुख्य खाद्य ब्युटिरेट. लहान आतड्यात न पचलेला स्टार्च आणि चोथा खाली उतरतो, तिथले जीवाणू तो आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं. उपाशी माणसाच्या आतड्यात जीवाणूंनाही उपास घडतो.

आत्या : न पचणारा स्टार्च म्हणजे शिळा भातच की. आमच्या सासूबाई रात्रीचा भात दगडी कल्चट्टीत पाण्यात बुडवून ठेवायच्या. सकाळी त्याला आंबूस वास यायचा, बोटानं दाबला तर दाणा मऊ पण आत टणक. ताक, मीठ, दोन सांबार कांदे चिरडून. पोट बिघडून उठलेल्याला दुपारी हेच. आम्ही पुण्याहून आलेल्या मुली नाक मुरडायचो.

वहिनी : भात शिजून गार झाला की त्यातल्या काही स्टार्चची घडण बदलते आणि तो सहज पचत नाही, हे खरं. वेल्लोरला आमच्याच कॉलेजात बी. एस. रामकृष्ण यांनी याच धाग्यावर काम केलं. पटकी झालेल्या 48 रोग्यांवरचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीचं ओआरएस, काहींना तांदळाच्या पिठाचं, काहींना न पचणारा मक्याचा स्टार्च घातलेलं. नेहमीच्या ओआरएसवर जुलाब सरासरी 91 तास चालले, स्टार्च घातलेल्यावर 57.

आत्या : बघ!

वहिनी : बघितलं. पण तो मक्याचा स्टार्च होता, मोजून घातलेला. तुमचा पाण्यातला शिळा भात, पळय सोरु, नव्हे. आणि फायदा झाला तो मोठ्या आतड्यानं मीठ-पाणी जास्त शोषलं म्हणून. जखम लवकर भरली, असं त्या अभ्यासानं म्हटलेलं नाही. शिवाय ब्युटिरेटची दुसरी बाजू आहे. 2016 साली उंदरांवर असं दिसलं की, ते खळग्याच्या तळाशी पोचलं तर मूलपेशींची वाढ मंदावते. एरवी वरच्या पेशी ते खाऊन संपवतात, म्हणून तळ सुरक्षित राहतो. वरचं अस्तरच उडालेलं असेल तेव्हा काय, हे अजून शोधायचं आहे. चेन्नईत स्टॅन्ली मेडिकल कॉलेजनं पळय सोरुवर अभ्यास हाती घेतला, याचा मला आनंदच आहे. घरचा पदार्थ आहे म्हणून गुणकारी, किंवा घरचा आहे म्हणून टाकाऊ, यातलं काहीच मला म्हणायचं नाही. तपासून म्हणायचं.

इथे मी मध्ये पडलो. उपासानं आतड्याच्या मूलपेशी ताज्या होतात, असं मी वाचलं होतं, आणि आत्याच्या बाजूनं कुणीतरी बोलणं न्यायाचं होतं. वहिनीनं ते नाकारलं नाही. 2018 साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये उंदरांना एक दिवस उपाशी ठेवलं, तेव्हा त्यांच्या मूलपेशींची नवं आतडं घडवण्याची ताकद खरोखरच वाढलेली आढळली. पण त्याच गटानं 2024 साली पुढचा प्रयोग प्रसिद्ध केला. पेशींच्या वाढीचा खरा लोंढा उपास सुटल्यावर, पुन्हा खाणं सुरू झाल्यावर येतो, असं त्यात दिसलं. त्या वेळी कर्करोगाला वाट देणारा बिघाड पेशीत आधीच झालेला असेल, तर गाठी होण्याचा धोकाही वाढतो. म्हणजे काम पारण्याला होतं. आणि हे सगळं धडधाकट उंदरांचं, जुलाबानं पिळून निघालेल्या माणसाचं नव्हे.

आत्या : पारण्याचं मला कुणी सांगायला नको. आमच्याकडचे वैद्य लंघन सांगायचे तसं त्यापुढचंही सांगायचे. आधी पेज, मग घट्ट पेज, मग मऊ भात आणि मुगाचं वरण. एकेक पायरी.

वहिनी : मग आई, आपल्या दोघींत भांडण उरलंच कुठे? आपल्या घरांनी पहिली पायरी लक्षात ठेवली आणि बाकीच्या विसरलो. तीन-तीन दिवस नुसत्या पाण्यावर काढणं, हे त्या वैद्यांनीही सांगितलं नसेल.

आत्या : दूध मात्र मी देणार नाही. काल दिलं तर पोरानं पोट धरलं.

वहिनी : तिथे तुमचंच खरं. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज अंकुरांच्या वरच्या पेशींवर असतं, आणि जुलाबात आधी झडतात त्या याच. नव्या पेशी आल्या तरी त्या पिकून लॅक्टेज पुरतं तयार व्हायला काही वेळा दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर ताक, दही चालतं. त्यातली बरीच साखर विरजणानं आधीच खाल्लेली असते. तान्ह्या बाळाचं मात्र आईचं दूध कधीच तोडायचं नाही.

इतका वेळ दोघी पोराबद्दल बोलत होत्या. मग वहिनीनं आत्याच्या उशाशी ठेवलेल्या गोळ्यांचा विषय काढला. गुडघ्यांसाठी आत्या कोपऱ्यावरच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय वेदनाशामक गोळ्या आणते, रोज एक, कधी दोन.

आत्या : त्याबरोबर ॲसिडिटीचीही घेते ना मी.

वहिनी : ती जठराला सांभाळते. लहान आतड्यापर्यंत तिचं संरक्षण पोचत नाही. 2005 साली कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला देऊन एक अभ्यास झाला. तीन महिन्यांहून जास्त काळ अशा गोळ्या घेणाऱ्यांपैकी 71 टक्के लोकांच्या लहान आतड्यात इजा दिसली, न घेणाऱ्यांत 10 टक्के. अभ्यास लहान होता, पण कल तोच पुढेही दिसत राहिला. मघाशी मी प्रोस्टाग्लँडिनांचं नाव घेतलं. या गोळ्या त्यांचंच उत्पादन रोखतात, दुखणं थांबतं ते त्यामुळेच. म्हणजे तीच गोळी जखम करते आणि तीच ती भरू देत नाही. अस्तराची अशी इजा फारशी दुखत नाही, म्हणून तुम्हाला कळत नाही. कळतं ते हिमोग्लोबिन उतरल्यावर.

आत्या गप्प झाली. मला वाटतं, सगळ्या बोलण्यातलं सर्वांत उपयोगाचं वाक्य त्या गोळीबद्दलचं होतं, आणि ते उपासाच्या वादात सापडलेलं नव्हतं. अस्तर भरून यायची ताकद अफाट आहे. प्रश्न आपण त्याला पुनःपुन्हा ओरबाडतो का, हा आहे.

या प्रश्नाचं मोठं रूप वेल्लोरला पाहायला मिळालं होतं. 1960 नंतर सेल्विन बेकर आणि व्ही. आय. मथन यांनी तिथे स्प्रू नावाच्या दीर्घ जुलाबाच्या रोगाचा अभ्यास केला. खेड्यांत त्याच्या साथी येत. रोग्यांशी तुलना करायला म्हणून धडधाकट माणसांचं आतडं तपासलं, तर त्यांचेही अंकुर पाश्चात्त्य पुस्तकांतल्यापेक्षा बुटके आणि रुंद निघाले. आधी वाटलं, दक्षिणेतल्या माणसाची घडणच अशी असावी. पण त्याच सुमारास तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात राहायला आलेल्या अमेरिकन पीस कॉर्प्सच्या तरुण स्वयंसेवकांची आतडी तपासली गेली. काही महिने तिथलं अन्नपाणी घेतल्यावर त्यांचेही अंकुर तसेच खुजे झाले होते. मायदेशी परतल्यावर, फारसा औषधोपचार न करता, काही महिन्यांत त्यांची आतडी पूर्ववत झाली. वंशाचा संबंध नव्हता. पाण्यातून रोज पोटात जाणाऱ्या जंतूंचा होता. अस्तर रोज दुरुस्त होत होतं आणि रोज पुन्हा झडत होतं. अशा आतड्याचं मूल पोटभर जेवलं तरी अंगी लागत नाही, उंची खुंटते, तोंडावाटे दिलेल्या काही लसीही कमी लागू पडतात.

आत्याला हे पटायला पुस्तक लागलं नाही. वेस्ट मांबलमच्या लेक व्ह्यू रोडवरून आज तळं दिसत नाही. ते बुजून नगर वसलं, पण पाणी तिथे साचायचं थांबलं नाही. डासांसाठी आणि हत्तीरोगासाठी हा भाग पूर्वी बदनाम होता. त्याच रस्त्यावरचं पब्लिक हेल्थ सेंटर लोकांच्या देणग्यांवर उभं राहिलं आणि कमी पैशांत उपचार देत आलं. डिसेंबर 2015च्या पुरात गटाराचं आणि नळाचं पाणी एक झालं, तेव्हा महिनाभर आपण पाणी उकळून प्यायलो, असं आत्या सांगत होती. वहिनी म्हणाली, आई, तो महिना म्हणजे तुम्ही घराच्या आतड्यांना दिलेला खरा विसावा.

दोघींच्या बोलण्यातून माझ्यापुरता निकाल असा लागला : विसावा हवाच, पण तो अन्नापासून नव्हे. घाण पाण्यापासून आणि विनाकारण घेतलेल्या गोळ्यांपासून हवा.

ज्यांच्या घरात कुणी जुलाबातून उठत असेल त्यांना एवढंच सांगणं. ओआरएस चालू ठेवा. भूक लागेल तसं मऊ अन्न थोडं थोडं, पण दिवसातून अनेकदा द्या. शौचातून रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा माणूस मलूल पडला असेल, तर घरी वाट पाहत बसू नका. आणि मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर डॉक्टरांना विचारून झिंकच्या गोळ्या सुरू करा. सहा महिन्यांवरच्या मुलाला दिवसाला 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानाला 10. झिंकनं हे जुलाब लवकर थांबतात आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा लागण्याचा संभवही कमी होतो. म्हणून जुलाब दुसऱ्याच दिवशी थांबले, तरी गोळ्या 14 दिवस पुऱ्या द्यायच्या.